रक्त साकळते ते कसे?

विळीवर भाजी चिरताना बोट कापले, तर गृहिणी त्यावर चिमूटभर हळद दाबते आणि पाच-सात मिनिटांनी पुन्हा कामाला लागते. रक्त हळदीने थांबले, असे तिचे म्हणणे असते. वस्तऱ्याने हनुवटीला लागले तर न्हावी तुरटी फिरवितो आणि श्रेय तुरटीला देतो. दोघांच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असेलही. परंतु खरे काम त्या जखमेच्या तोंडाशी रक्ताने स्वतःच केलेले असते. पातळ, वाहते रक्त तेथे पाहता पाहता घट्ट होते, त्याची गुठळी बनते, आणि गळक्या घागरीस लाख लावावी तशी ती गुठळी जखमेचे भोक बुजवून टाकते.

यात आश्चर्य वाटावे असे काही आहे, हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रौढ मनुष्याच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. सत्तर-ऐंशी वर्षे ते रक्तवाहिन्यांतून अखंड फिरते आणि तेवढा काळ पातळच राहते. तेच रक्त जखमेतून बाहेर पडले की काही मिनिटांत साकळते. बाहेर साकळले नाही, तर दात काढण्यासारख्या क्षुल्लक निमित्तानेही प्राण जाईल. आत साकळले, तर हृदयाची किंवा मेंदूची वाट बंद होऊन प्राण जाईल. या दोन मरणांच्या मधल्या अरुंद वाटेने रक्त जन्मभर चालत असते. ते कसे चालते, हे निरोगी शरीराने शास्त्रज्ञांना कधीच नीटसे सांगितले नाही. ज्यांचे रक्त साकळले नाही, अशा रोग्यांनी आणि मुक्या जनावरांनी ते सांगितले. या विषयाचा इतिहास हा बव्हंशी त्यांचाच इतिहास आहे.

रक्तात बारीक तंतू असतात व ते काढून टाकले तर रक्त घट्ट होत नाही, एवढे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यास ठाऊक होते. पुढे इ. स. १६६६ मध्ये इटलीतील मार्चेल्लो मालपीगी याने गुठळी पाण्यात पुनःपुन्हा धुऊन तिचा तांबडेपणा काढला व उरलेला पांढरा अंश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा तेथे तंतूंचे जाळे दिसले. परंतु हे जाळे येते कोठून? शरीराबाहेर रक्त थंड होते म्हणून ते गोठते, असे कोणी म्हणत; वाहायचे थांबते म्हणून, असे दुसरे म्हणत; तर तिसरे दोष हवेवर ढकलीत. शंभर वर्षे हा वाद केवळ तर्कावर चालला.

त्याला प्रयोगाची जोड दिली ती विल्यम ह्यूसन या तरुण इंग्रज शल्यवैद्याने. १७७१ साली त्याने रक्ताच्या गुणधर्मांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत पाहण्याजोगी आहे. कुत्र्याच्या मानेतील शीर त्याने दोन ठिकाणी बांधली. मधले रक्त आता वाहत नव्हते; तरीही ते बराच वेळ पातळ राहिले, आणि शीर उघडून बाहेर घेताच साकळले. म्हणजे केवळ थांबल्याने रक्त साकळते हे मत लंगडे पडले. दुसऱ्या प्रयोगात त्याने शिरेचा तुकडा रक्तासह बर्फाने गोठविला व मग वितळविला. रक्त पुन्हा पातळ झाले आणि त्यानंतर साकळले. म्हणजे थंडीने गोठणे निराळे आणि रक्ताचे साकळणे निराळे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विशिष्ट क्षार घालून त्याने रक्त पातळ राखले, तांबडे कण तळाशी बसू दिले, आणि वरचा पिवळसर द्रव वेगळा काढून त्यात पाणी मिसळले. तो द्रव एकटाच साकळला! तांबड्या कणांचा या कामाशी प्रत्यक्ष संबंध नाही. साकळणारा पदार्थ रक्तद्रवात विरघळलेला असतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

ह्यूसन लंडनमध्ये क्रेव्हन रस्त्यावरील एका घरात शरीरविच्छेदनाची शाळा चालवी. ते घर त्याच्या सासूचे. त्याच घरात बेंजामिन फ्रँकलिन हा प्रसिद्ध अमेरिकन मुत्सद्दी अनेक वर्षे भाडेकरू म्हणून राहत असे. १९९८ साली तेथे दुरुस्ती चालली असता तळघरात मनुष्यांची हाडे सापडली आणि काही काळ फ्रँकलिनविषयी भलत्या शंका निघाल्या. ती हाडे ह्यूसनच्या शाळेतील होती. खुद्द ह्यूसन १७७४ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून विष भिनून वारला. जखमेचे रक्त थांबले, पण तिच्यातून आत शिरलेले जंतू थांबले नाहीत.

पुढचे पाऊल ग्लासगोच्या अँड्र्यू ब्यूकॅनन याने टाकले. अंडवृद्धीच्या रोग्याच्या अंडकोशातून काढलेले पाणी आपण होऊन साकळत नाही. त्यात ब्यूकॅननने साकळलेल्या रक्ताची धुतलेली गुठळी घातली, आणि ते पाणी साकळले. १८४५ च्या सुमारास त्याने असे मांडले, की वासराच्या जठरातील रसाचा थोडा अंश हंडाभर दूध घट्ट करतो, तसाच रक्तात कोणीतरी थोडक्या मात्रेने मोठे काम करणारा पदार्थ असला पाहिजे. उपमा अचूक होती. पण तिच्याकडे पुढे अनेक वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. शास्त्रातसुद्धा वेळेआधी आलेला पाहुणा दारात ताटकळतो. १८७२ मध्ये डोर्पाट येथील (हे गाव आज टार्टू या नावाने एस्टोनियात आहे) अलेक्झांडर श्मिट याने तोच विचार स्वतंत्रपणे सिद्ध केला आणि त्या पदार्थाला पुढे 'थ्रॉम्बिन' हे नाव मिळाले. रक्तद्रवात विरघळलेले 'फायब्रिनोजन' नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन त्याचे टोक कातरते. आणि कातरलेले रेणू एकमेकांस चिकटून मालपीगीने पाहिलेले 'फायब्रिन'चे तंतू तयार होतात, असा हा व्यवहार आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे थ्रॉम्बिन रक्तात सदैव तयार असेल, तर रक्त वाहील कसे? अर्थात ते तयार नसते. निद्रिस्त रूपात असते. त्या रूपाला 'प्रोथ्रॉम्बिन' म्हणतात. त्याला जागे करण्यास जे लागते त्यांपैकी एक म्हणजे चुना, अर्थात कॅल्शियम. १८९० साली आर्त्युस व पाजेस या फ्रेंच शोधकांनी रक्तात ऑक्झलेट घालून त्यातील कॅल्शियम अडवून ठेवले, तेव्हा रक्त साकळेना. कॅल्शियम परत दिल्याबरोबर साकळले. या साध्या शोधाने पुढे किती प्राण वाचले याची गणती नाही. कारण तोवर एकाचे रक्त दुसऱ्यास द्यायचे, तर वाटेत ते साकळे. म्हणून दात्याची रोहिणी रोग्याच्या शिरेला प्रत्यक्ष शिवावी लागे. १९१४ साली ब्रुसेल्सच्या आल्बेर उस्तँ याने आणि त्याच वर्षी ब्वेनोस आयरेसच्या लुइस आगोते याने सायट्रेट नावाचा क्षार मिसळून रक्त पातळ ठेवले व ते रोग्यास दिले. सायट्रेटही कॅल्शियमच अडवून ठेवतो. महायुद्ध सुरू झालेलेच होते. बाटलीत ठेवता येणारे रक्त त्याच वेळी हाती आले. आजच्या प्रत्येक रक्तपेढीतील पिशवीत सायट्रेट असतेच.

दरम्यान ट्यूरिनच्या जूलिओ बित्सोत्सेरो याने १८८२ च्या सुमारास जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातील बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला किंचित दुखापत करताच रक्तातील अतिसूक्ष्म चकत्या त्या जागी येऊन चिकटू लागल्या व त्यांचा ढीग झाला. याच त्या बिंबिका, ज्यांना हल्ली घरोघरी 'प्लेटलेट' म्हणतात आणि डेंग्यूच्या दिवसांत ज्यांचा आकडा ऐकून माणसे घाबरतात. त्या अस्थिमज्जेत तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात, आणि निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या दीड ते चार लाखांच्या दरम्यान असते. जखम झाली की वाहिनी प्रथम आकसते, मग बिंबिका भोकावर गर्दी करून कच्चा बांध घालतात, आणि शेवटी फायब्रिनचे तंतू त्या बांधाला विणून पक्का करतात.

१९०५ साली पाउल मोराव्हिट्स या जर्मन वैद्याने ही सारी माहिती एका सूत्रात गोवली. जखमी पेशींतून एक चेतक द्रव्य येते. ते कॅल्शियमच्या साह्याने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजनचे फायब्रिन करते. चार द्रव्ये, दोन पायऱ्या. इतके सुटसुटीत शास्त्र पाहून विद्वानांना समाधान वाटले आणि पुढची तीस-चाळीस वर्षे हेच पाठ्यपुस्तकांत राहिले. एकच अडचण होती. जगात असे रोगी होते, की ज्यांच्या रक्तात ही चारही द्रव्ये होती आणि तरीही त्यांचे रक्तस्राव थांबत नव्हते.

तो रोग म्हणजे हीमोफिलिया. तो फार प्राचीन आहे. एका आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्तस्रावाने दगावले, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा नियम ज्यू लोकांच्या तालमूद ग्रंथात आहे. रोग मुलांना होतो आणि तो आईकडून येतो, हे त्या धर्मशास्त्र्यांनी बरोबर ओळखले होते. १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो या वैद्याने अशा एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यामुळे हा रोग सर्वतोमुखी झाला. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन तिसाव्या वर्षी वारला; तिच्या मुलींमार्फत रोग युरोपच्या इतर राजघराण्यांत गेला आणि रशियाचा युवराज अलेक्सेई त्याने ग्रासला. त्या दुर्दैवी मुलाच्या अस्थींची परीक्षा होऊन त्याच्या रक्तात नेमके कोणते द्रव्य उणे होते हे २००९ साली कळले. परंतु राजवाड्यांतील कोणत्याही वैद्याला या रोगाचे कोडे सुटले नाही. मोराव्हिट्सच्या सूत्रात त्याला जागाच नव्हती. सूत्रच अपुरे आहे, हे मान्य करण्यास शास्त्रज्ञांना वेळ लागला, आणि ते त्यांना मान्य करावयास लावले ते आधी कोंबड्यांनी व गाईंनी.

१९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम हा रसायनशास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य देऊन पाहत होता. हेतू भलताच होता. परंतु पिलांच्या कातडीखाली व स्नायूंत रक्त साकू लागले आणि त्यांचे रक्त साकळेना. तेव्हा ठाऊक असलेले एकही जीवनसत्त्व त्यांस बरे करीना. १९३५ साली डामने जाहीर केले, की हे नवे जीवनसत्त्व आहे. साकळण्याला त्याच्या भाषेत जो शब्द आहे त्याचे आद्याक्षर घेऊन त्याने त्यास 'के' हे नाव दिले. हिरव्या पालेभाज्यांत ते विपुल असते. अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी याने त्याची रासायनिक घडण उलगडली, आणि १९४३ चे नोबेल पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. नवजात अर्भकाच्या अंगात या जीवनसत्त्वाचा साठा फार थोडा असतो, म्हणून पूर्वी काही बाळे जन्मल्यापासून आठवड्याच्या आत अकारण रक्तस्राव होऊन दगावत. आज प्रसूतिगृहात बाळाच्या मांडीत पहिले जे टोचतात, ते हेच 'के' जीवनसत्त्व. त्या टोचणीमागे डामची कोंबडीची पिले आहेत, हे फारच थोड्या मातांना ठाऊक असते.

गाईंची हकीकत याहून विलक्षण आहे. १९२० च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या थंड मैदानांत शेतकरी 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा लावू लागले. आपल्याकडील मेथी व मेथीघास यांच्या नात्यातलेच हे गोड वासाचे झाड. पण ओलसर हंगामात गंजीतला चारा बुरसला आणि तो खाल्लेली गुरे मरू लागली. शिंग कापले किंवा गोऱ्हा खच्ची केला, की रक्त थांबायचे नाव नाही. काही जनावरे तर बाहेरून जखम नसतानाही आतल्या आत रक्त वाहून मरत. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड याने हा दोष चाऱ्याचा नसून बुरसलेल्या चाऱ्याचा आहे, हे दाखविले. हा स्कोफिल्ड मोठा धैर्याचा मनुष्य होता. त्याआधी तो कोरियात मिशनरी अध्यापक असताना १९१९ च्या स्वातंत्र्य-चळवळीवर जपानी सत्तेने केलेल्या दडपशाहीची छायाचित्रे त्याने घेतली होती. कोरियन लोकांनी त्याचे ऋण विसरले नाही आणि १९७० साली तो वारल्यावर त्याला सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा दिली. पुढे नॉर्थ डाकोटाच्या रॉडरिक याने या गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन उणे असते, असे सिद्ध केले.

विष मात्र कोणाच्या हाती लागत नव्हते. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळ चालू असता, विस्कॉन्सिन संस्थानातील एक शेतकरी आपली मेलेली कालवड, दुधाच्या बरणीत भरलेले तिचे न साकळलेले रक्त, आणि सुमारे शंभर पौंड बुरसलेला चारा मोटारीत घालून १९० मैलांवरील मॅडिसन गावी आला. शनिवारचा दिवस; सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद. दार उघडे दिसले ते विश्वविद्यालयाच्या जीवरसायन विभागाचे, आणि तेथे कार्ल पॉल लिंक हा अध्यापक भेटला. लिंकजवळ त्या वेळी द्यायला काहीच औषध नव्हते. चारा बंद कर, जमल्यास गुरांना रक्त दे, एवढेच तो सांगू शकला. आणि तो शेतकरी त्याच वादळातून परत गेला. बरणीतले रक्त मात्र मागे राहिले. लिंकचा जर्मन साहाय्यक त्या रक्तात पुनःपुन्हा हात बुडवून पाहत होता. ते साकळतच नव्हते. त्या दिवसापासून सहा वर्षे त्या प्रयोगशाळेने एकाच विषाचा पाठलाग केला आणि १९३९ च्या जूनमध्ये त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले. क्लोव्हरला जो सुवास येतो तो 'कूमारिन' या निरुपद्रवी द्रव्याचा; बुरशी त्याचेच रूपांतर 'डायकूमारॉल' या विषात करते.

पुढे याच कुळातले अधिक तीव्र द्रव्य लिंकने उंदीर मारण्यासाठी पुढे आणले. खर्च करणाऱ्या विस्कॉन्सिनमधील संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'वॉरफरिन' पडले, आणि १९४८ पासून ते बाजारात आले. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातील एका रंगरूटाने ते उंदरांचे विष खाऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. 'के' जीवनसत्त्व देताच तो पूर्ण बरा झाला. विषावर हमखास उतारा आहे म्हटल्यावर वैद्यांचे धैर्य वाढले आणि १९५४ पासून तेच विष मापून माणसांना औषध म्हणून देण्यास परवानगी मिळाली. कृत्रिम हृदयपडदा बसविलेल्या असंख्य रोग्यांच्या नित्याच्या गोळ्यांत आज हेच द्रव्य असते. त्यांना पालेभाजी एकदम जास्त किंवा एकदम बंद करू नका, असे वैद्य बजावतात, त्याचे कारणही आता ध्यानात येईल. 'के' जीवनसत्त्व नेमके काय करते, ते १९७४ साली कळले. यकृतात तयार होणाऱ्या काही साकळ-द्रव्यांना कॅल्शियम धरून ठेवण्यासाठी ते जणू चिमटे बसवून देते. वॉरफरिन ते चिमटे बसू देत नाही. आर्त्युसने १८९० मध्ये पाहिलेला चुना येथे पुन्हा भेटतो.

आता माणसांकडे वळू. १९४३ साली नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असता ऑस्लो येथे पॉल ओव्हरेन या वैद्याकडे एक तरुण स्त्री आली. लहानपणापासून तिला रक्तस्रावाचा त्रास होता. मोराव्हिट्सची चारही द्रव्ये तिच्या अंगी यथास्थित होती. बाहेरच्या जगाशी शास्त्रीय पत्रव्यवहार बंद, साहित्याची टंचाई, तरी ओव्हरेनने जिद्द सोडली नाही. निरोगी रक्तद्रवातून त्याने प्रोथ्रॉम्बिन गाळून काढून टाकले व उरलेला द्रव तिच्या रक्तात मिसळला. तिचे रक्त वेळेवर साकळले. म्हणजे चारांखेरीज एक पाचवे द्रव्य होते. त्याने त्यास 'घटक पाच' म्हटले आणि युद्ध संपल्यावर १९४७ साली जगाला सांगितले. या घटकांना रोमन आकडे देण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचा उगम येथे आहे. गंमत अशी, की या यादीत सहावा घटक नाही. सहावा म्हणून जो गणला गेला तो पाचव्याचेच जागे झालेले रूप निघाला आणि त्याची जागा रिकामी राहिली.

हीमोफिलियाचे कोडेही याच वर्षांत सुटले. ब्वेनोस आयरेसच्या आल्फ्रेदो पाव्लोव्स्की याने १९४७ मध्ये दोन हीमोफिलिया-रोग्यांचे रक्त एकत्र केले, तो काय चमत्कार! दोन न साकळणारी रक्ते मिळून साकळली. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, तेव्हा त्या उणिवा निराळ्या असल्या पाहिजेत. १९५२ साली ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज व रॉबर्ट मॅक्फार्लेन यांनी ही गोष्ट पक्की केली. बहुतेक रोग्यांत आठवा घटक उणा असतो, थोड्यांत नववा. या दुसऱ्या प्रकाराला पहिल्या तपासलेल्या मुलाच्या आडनावावरून 'क्रिसमस रोग' हे नाव दिले गेले, आणि निबंधही छापला गेला तो नाताळच्या अंकात. रशियाच्या युवराजाचा रोग हाच होता. उणा घटक दुसऱ्यांच्या रक्तातून काढून देण्याची सोय पुढे झाली. पण १९८० नंतर त्याच रक्तातून एड्सचे जंतू हजारो रोग्यांच्या अंगी गेले. ज्या मुलाच्या नावाने तो रोग ओळखला जातो, तोही मोठेपणी १९९३ साली त्यातच गेला. ज्या औषधाने त्याला जगविले त्यानेच त्याला मारावे, याइतकी दारुण गोष्ट या इतिहासात दुसरी नाही.

एकामागून एक असे घटक सापडत गेले, तसा गोंधळही वाढला. १९६४ साली मॅक्फार्लेनने, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही व रॅट्नॉफ यांनी, त्यांची संगती लावली. एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला; प्रत्येक पायरीला परिणाम अनेक पटींनी वाढतो, आणि मूठभर रेणूंनी सुरू केलेले काम शेवटी लक्षावधी तंतूंत प्रकट होते. या रचनेला त्यांनी धबधब्याची उपमा दिली. धबधब्याच्या माथ्यावर बसविला होता तो बारावा घटक. तो १९५५ मध्ये रॅट्नॉफला क्लीव्हलँडच्या एका रेल्वे-कामगाराच्या रक्तात सापडला, किंवा खरे तर सापडला नाही. हॅगमन हे त्या कामगाराचे आडनाव. शस्त्रक्रियेपूर्वीच्या परीक्षेत त्याचे रक्त काचेच्या नळीत कितीतरी वेळ साकळले नाही. आणि तरी त्या गृहस्थाला आयुष्यात कधी अवाजवी रक्तस्राव झाला नव्हता! पुढे १९६८ साली अपघातात हाड मोडून तो अंथरुणाला खिळला आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून वारला. ज्याचे रक्त नळीत साकळत नव्हते तो साकळलेल्या रक्ताने मेला. नळीतील रक्त आणि अंगातील रक्त यांचे कायदे सर्वस्वी एक नाहीत, हे यावरून उघड झाले. काचेचा स्पर्श बाराव्या घटकाला जागे करतो. जखमेत मात्र सुरुवात करतो तो मोराव्हिट्सने सांगितलेला पेशींतील चेतकच. जुना जर्मन वैद्य अपुरा होता, पण चुकीचा नव्हता.

साकळण्याला लगाम घालणारी द्रव्येही रक्तात असतात, आणि काम झाल्यावर गुठळी विरघळविणारे द्रव्यही असते. जे मॅक्लीन या विद्यार्थ्याने १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे रक्त साकळविणारे द्रव्य शोधता शोधता यकृतातून नेमके उलट गुणाचे द्रव्य काढले. त्या वाटेनेच पुढे 'हेपरिन' हाती आले. तो सारा भाग स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

मॅक्फार्लेनचे नाव वर दोनदा आले. त्याची आणखी एक गोष्ट महाराष्ट्राच्या शेताबांधाशी येऊन भिडते. १९३४ साली, तरुण वैद्य असताना, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचा अधिकारी बर्जेस बार्नेट याच्या साह्याने निरनिराळ्या सापांचे विष रक्तावर घालून पाहिले. घोणसाचे विष अतिशय विरळ करून घातले असता हीमोफिलियाच्या रोग्याचे रक्तही काही सेकंदांत साकळले. दात काढलेल्या रोग्यांच्या हिरडीवर ते लावून रक्तस्राव थांबविण्यात आले. कारण पुढे कळले. घोणसाचे विष पाचव्या आणि दहाव्या घटकांना परस्पर जागे करते. आठव्या-नवव्याची त्याला गरजच पडत नाही. कोकणच्या कातळावरचे फुरसे तर थेट प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालते.

मग याच घोणसाचा दंश झालेल्या शेतकऱ्याचे रक्त हिरड्यांतून, लघवीतून का वाहते? चिमूटभर विष बाहेरच्या जखमेवर लावणे निराळे आणि ते सबंध रक्तात भिनणे निराळे. अंगभर एकदम साकळण्याची क्रिया सुरू होते, ठिकठिकाणी सूक्ष्म तंतू बनतात व विरघळतात, आणि काही तासांत फायब्रिनोजनचा सारा साठा संपतो. धान्याचे कोठार एका दिवसात उधळावे, तसे हे होते. उरलेले रक्त पाण्यासारखे राहते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यांत घोणसाचा वाटा मोठा आहे. परळच्या हाफकीन संस्थेने ज्या चार सापांवरील प्रतिविष तयार केले, त्यांत नाग व मण्यार यांच्याबरोबर घोणस आणि फुरसे हे दोघे रक्ताचे शत्रू आहेत.

प्रतिविष द्यावे की न द्यावे, हे ठरविण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात आजही एक साधी परीक्षा करतात. रोग्याचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, वीस मिनिटे नळी हलवीत नाहीत, आणि मग ती एकदा तिरपी करतात. रक्त वाहिले, तर विष भिनले आहे. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच परीक्षा पुन्हा होते, कारण खर्ची पडलेली द्रव्ये नव्याने घडवावयास यकृताला साधारण तेवढा अवधी लागतो. नळी मात्र काचेचीच हवी, आणि ती साबणाने धुतलेली नसावी. प्लास्टिकच्या किंवा साबण राहिलेल्या नळीत हॅगमनचा बारावा घटक नीट जागा होत नाही. मग निरोगी मनुष्याचे रक्तही वीस मिनिटांनी पातळच दिसते, आणि ज्याच्या अंगी विष नाही त्याला प्रतिविष टोचले जाते.